वाचक विचारतात : स्टीव्ही स्मिथ, तिची मावशी आणि बुडणाऱ्याचा हात

गेल्या अंकात समुद्रावरच्या कवितांविषयी एका वाचकाला उत्तर देताना स्टीव्ही स्मिथ या इंग्रज कवयित्रीच्या 'नॉट वेव्हिंग बट ड्राउनिंग' या कवितेचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर वेंगुर्ल्यापासून हर्णेपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. समुद्र आपल्या दारात आहे, म्हणून असेल. ज्यांनी कविता वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय थोडक्यात असा : एक माणूस समुद्रात बुडून मेला आहे. तो हात वर करून हलवत होता, पण किनाऱ्यावरच्या मंडळींना वाटले की तो गमतीने हात हलवतो आहे. बिचाऱ्याला थट्टामस्करीची भारी हौस, पाणी गार असेल, हृदय बंद पडले असेल, असे ते आपसांत बोलतात. त्यावर मेलेला माणूसच कण्हत सांगतो की, नाही, गारठा तर पहिल्यापासूनच होता, आणि मी हात हलवत नव्हतो, बुडत होतो. चार-चार ओळींची तीन कडवी, एकूण बारा ओळी. आता प्रश्नांकडे वळतो.

प्रश्न : मी गुहागर तालुक्यातील निवृत्त शिक्षक. नातीच्या महाविद्यालयीन पुस्तकात ही कविता वाचली. ही बाई समुद्रकाठी राहत असावी आणि शेवटी बुडूनच वारली असावी, असे नातीचे म्हणणे. खरे काय आहे?

उत्तर : नातीचे दोन्ही तर्क चुकले आहेत, पण चुकण्यासारखेच आहेत. स्टीव्ही स्मिथ यांचा जन्म २० सप्टेंबर १९०२ रोजी हल या इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या शहरात झाला, हे खरे. परंतु १९०६ साली, अगदी लहान असतानाच, त्या लंडनच्या उत्तरेकडील पामर्स ग्रीन या उपनगरात राहायला गेल्या आणि त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पासष्ट वर्षे, एव्हनडेल रोडवरच्या त्याच एका घरात राहिल्या. त्या घरातून समुद्र दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचा मृत्यू ७ मार्च १९७१ रोजी डेव्हन परगण्यात मेंदूतील गाठीमुळे झाला. तिकडे बहीण मॉली राहत होती.

तरीही समुद्राने त्यांचा पिच्छा सोडला नाही, आणि त्याचे धागे बालपणात सापडतात. वडील संसाराला कंटाळून बोटीवर नोकरीला गेले. 'बोटीवर असतो' हे आपल्याकडे रत्नागिरी, दापोलीच्या कितीतरी घरांतले रोजचे उत्तर आहे, पण आपल्याकडे बोटीवरच्या माणसाची मनीऑर्डर येत असे आणि सुट्टीला तो सामानाने भरलेल्या पेट्या घेऊन उतरत असे. स्टीव्हींच्या घरी आली ती एका ओळीची पोस्टकार्डे, अमुक बंदराला निघालो आहे एवढ्याच मजकुराची. आणि कधी मधी वडील स्वतः आले तर एखाद्या दिवसापुरतेच. बापाविषयी त्यांनी पुढे जे लिहिले त्यात राग आहे, पण आक्रस्ताळेपणा नाही, उलट एक कोरडी गंमत आहे.

दुसरा धागा आजारपणाचा. वयाच्या पाचव्या वर्षी त्यांना पोटाचा क्षय झाला आणि केंट परगण्यातील ब्रॉडस्टेअर्स या समुद्रकाठच्या गावी आरोग्यधामात पाठवण्यात आले. तिथे त्या सुमारे तीन वर्षे होत्या. त्या काळी क्षयावर औषध नव्हते; खारी हवा, विश्रांती आणि दूध हाच उपचार. आपल्याकडेही क्षयाच्या माणसाला हवापालटासाठी समुद्रकाठी नेण्याची रीत होती, ती जुन्या मंडळींना आठवत असेल. आईपासून दूर, परक्यांच्या ताब्यात पडून राहिलेल्या त्या मुलीला तिथेच पहिल्यांदा मरणाचा विचार सुचला, आणि नवल असे की त्या विचाराने तिला धीर आला. आयुष्य असह्य झाले तर बाहेर पडायला एक दार आहे, मग घाई कशाला, अशी काहीशी ती समजूत होती. मृत्यूला त्यांच्या कवितेत जे ओळखीच्या माणसाचे स्थान आहे त्याचे मूळ इथे आहे, असे मला वाटते. बुडण्याची कविता मात्र स्वतःच्या अनुभवातून आलेली नाही. जाहीर वाचनात त्या सांगत असत की, एक माणूस बुडाल्याची आणि तो आपल्याकडे पाहून हात हलवतो आहे असे मित्रांना वाटल्याची हकिकत त्यांनी वाचली होती.

प्रश्न : एका मराठी लेखात 'आत्याने वाढवलेली कवयित्री' असे वाचले, दुसऱ्या ठिकाणी 'काकू' म्हटले होते. नेमके कोण? (वेंगुर्ल्याच्या एक वाचिका)

उत्तर : आपण विचारलेत हे फार बरे झाले, कारण हा घोटाळा इंग्रजीच्या गरिबीमुळे होतो. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींना ती भाषा एकाच शब्दात गुंडाळते, आणि अनुवाद करणारा मग जे हाताला येईल ते नाते चिकटवून मोकळा होतो. मार्गारेट ॲनी स्पिअर या स्टीव्हींच्या आईच्या बहीण होत्या, म्हणजे सख्खी मावशी. आत्या म्हटले की सगळा अर्थच बदलतो. पळून गेलेल्या बापाच्या बहिणीने प्रायश्चित्त म्हणून भाच्या सांभाळल्या, असे काही तरी वाचकाच्या डोक्यात तयार होते. 'माय मरो आणि मावशी उरो' ही आपली म्हण इथे अक्षरशः लागू पडते. आईची प्रकृती तोळामासा होती. १९१९ साली ती गेली तेव्हा स्टीव्ही सोळा वर्षांच्या होत्या. घर मावशीनेच चालवले.

या मावशीला स्टीव्ही 'सिंहीण' म्हणत. अविवाहित, कणखर, देवधर्म पाळणारी, राजकारणात पुराणमतवादी, आणि भाचीच्या साहित्यात फारसा रस नसलेली ही बाई त्यांच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती होती. त्यांचे चरित्र लिहिणारे पुष्कळदा हे नाते बाजूला ठेवून प्रेमप्रकरणांच्या मागे लागतात. मला ते वेळ घालवणे वाटते. स्टीव्हींनी लग्न केले नाही. मावशी अखेरच्या वर्षांत वरच्या खोलीतच पडून होती, तेव्हा स्वयंपाकघरात फारसे कधी न शिरलेल्या साठीच्या भाचीने रांधायला शिकून तिचे सगळे केले. १९६८ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी मावशी गेली. भाची त्यानंतर तीनच वर्षे जगली.

प्रश्न : स्टीव्ही हे तर पुरुषाचे नाव. टोपणनावाने लिहीत होत्या काय? (चिपळूणचा एक विद्यार्थी)

उत्तर : पाळण्यातले नाव फ्लॉरेन्स मार्गारेट, घरात त्यांना पेगी म्हणत. तरुणपणी लंडनमधील एका मैदानात त्या घोड्यावरून रपेट करत असताना काही पोरांनी 'कम ऑन, स्टीव्ह' अशी आरोळी ठोकली. स्टीव्ह डॉनोह्यू हा त्या काळचा नावाजलेला घोडेस्वार, शर्यती जिंकणारा. आणि स्टीव्हीही त्याच्यासारख्याच चणीने लहान. ते नाव चिकटले ते चिकटलेच. पुरुष म्हणून खपावे असा त्यामागे हेतू नव्हता.

प्रश्न : मी रत्नागिरीत एका कचेरीत टंकलेखनाचे काम करते आणि कविता लिहिते. स्टीव्ही स्मिथ यांनीही नोकरी केली असे ऐकले. नोकरी त्यांच्या लेखनाच्या आड आली नाही काय?

उत्तर : आली आणि नाही आली, अशी दोन्ही उत्तरे द्यावी लागतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिक्षण संपल्यावर त्यांनी चिटणिसाच्या कामाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि १९२३ पासून न्यून्स, पिअरसन या नियतकालिके छापणाऱ्या लंडनच्या कंपनीत मालकांच्या खासगी चिटणीस म्हणून काम धरले. तीस वर्षे त्या तिथेच होत्या. पत्रे टंकलिखित करणे, दूरध्वनी घेणे, पाहुण्यांना चहा देणे, साहेबांचे वेळापत्रक सांभाळणे, असे ते काम. साहेब बाहेर असले की पुष्कळ वेळ मोकळा मिळे आणि त्या मोकळ्या वेळात त्या लिहीत. १९३५ च्या सुमारास त्यांनी कवितांचे बाड एका प्रकाशकाकडे नेले, तेव्हा आधी कादंबरी लिहून आणा असा सल्ला त्यांना मिळाला. आपण असतो तर रुसून बसलो असतो. त्यांनी कचेरीतल्या यंत्रावर, कचेरीतल्याच पिवळ्या कागदांवर, कादंबरी टंकलिखित करून टाकली. ती जोनाथन केप या संस्थेने १९३६ साली 'नॉव्हेल ऑन यलो पेपर' याच नावाने छापली. कार्बन लावून दुसरी प्रत काढण्यासाठी जो हलका कागद वापरतात तो हा पिवळा कागद. आपणही टंकलेखन करता, तेव्हा त्या कागदाचा स्पर्श आणि खरखर मी वेगळी सांगायला नको. कादंबरीची नायिका पॉम्पी हीदेखील एका साहेबाची खासगी चिटणीसच आहे, आणि मनात येईल तसे, फाटे फोडत, वाचकाला मध्येच चिमटा काढत ती बोलत राहते. पुस्तक गाजले, आणि मग कवितांना दार उघडले.

पहिला कवितासंग्रह १९३७ साली आला. त्याचे नाव 'अ गुड टाइम वॉज हॅड बाय ऑल'. चर्चच्या गावपत्रिकांत सहली आणि मेळाव्यांच्या वृत्तांताच्या शेवटी हे वाक्य ठरलेले असे, तिथून त्यांनी ते उचलले असे सांगतात. आपल्या स्थानिक वृत्तपत्रांत हळदीकुंकवापासून क्रिकेटच्या सामन्यापर्यंत प्रत्येक बातमी 'कार्यक्रम खेळीमेळीच्या वातावरणात पार पडला' याच वाक्याने संपते, ते आठवावे. आता एखाद्या कवयित्रीने मरण, एकटेपणा आणि देवाशी भांडण यांवरच्या कवितांच्या पुस्तकावर तेच वाक्य नाव म्हणून छापले, तर काय वाटेल? स्टीव्ही स्मिथ यांची सगळी खोच तिथे दिसते. हे वाक्य त्यांना सापडले कारण त्या उपनगरात, मावशीबरोबर, चर्चच्या पत्रिका घरात येतात अशा जगात राहत होत्या. कचेरी, आगगाडीचा रोजचा प्रवास, शेजारणींच्या गप्पा यांतून त्यांची भाषा घडली. नोकरीने त्यांना ही भाषा दिली, एवढे तिचे श्रेय मानावे लागेल.

आता दुसरी बाजू. युद्धानंतर त्यांच्या कविता नियतकालिके परत पाठवू लागली. दुसऱ्या आणि तिसऱ्या संग्रहांमध्ये चार वर्षांचे, मग तिसऱ्या आणि चौथ्यात आठ वर्षांचे अंतर पडले. कचेरीचा उबग आला होता. १९५३ च्या जुलै महिन्यात त्यांनी कचेरीतच आपला जीव घेण्याचा प्रयत्न केला. त्या वाचल्या, डॉक्टरांनी पुन्हा कामावर जाण्यास मनाई केली आणि कंपनीने निवृत्तिवेतन देऊन त्यांना मोकळे केले. ही बुडणाऱ्या माणसाची कविता त्याच वर्षी, त्या प्रसंगाच्या थोडी आधी, लिहिलेली आहे. म्हणून पुष्कळ जण तिच्याकडे पुरावा म्हणून पाहतात. मला तसे पाहणे पटत नाही. पुरावा नुसता ठेवला जातो, कविता रचली जाते. आणि ही कविता रचणारी बाई त्या अवस्थेतही यमक कुठे जुळवायचे आणि कुठे मोडायचे, मृताच्या तोंडी किती कमी शब्द द्यायचे, हे थंड डोक्याने ठरवत होती. आपल्याला स्वतःला कधी अशी अवस्था जाणवली तर कवितेवर विसंबून राहू नये, घरच्या माणसाला आणि डॉक्टरला सांगावे, हे मी या सदराच्या मर्यादेबाहेर जाऊन लिहितो.

नोकरी सुटल्यावर मात्र त्या खऱ्या अर्थाने प्रसिद्ध झाल्या. १९५७ साली बुडण्याच्या कवितेच्याच नावाचा संग्रह निघाला. साठच्या दशकात तरुण कवींच्या वाचनांना त्यांना आवर्जून बोलावणी येऊ लागली. कपाळावर कापलेल्या केसांची झालर, शाळकरी मुलीसारखा झगा, आणि चर्चमधल्या प्रार्थनागीतांच्या चालीवर, जरा बेसूरच, कविता गाणारी ही साठीची बाई पाहून लांब केस वाढवलेली पोरे टाळ्या वाजवत. १९६६ साली चमली पुरस्कार आणि १९६९ साली राणीचे काव्यासाठीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. ते पदक घ्यायला राजवाड्यात गेल्या तेव्हाची हकिकत त्या मित्रांना पुढे रंगवून सांगत.

एक गोष्ट राहिली. १९६२ च्या नोव्हेंबरात सिल्विया प्लाथ या तरुण अमेरिकन कवयित्रीने त्यांना पत्र लिहून आपल्याला त्यांच्या कवितांचे व्यसनच लागले आहे असे कळवले आणि चहाला येण्याचे आमंत्रण दिले. पुढच्या फेब्रुवारीत प्लाथ यांनी आत्महत्या केली. भेट झालीच नाही.

प्रश्न : त्यांच्यावर चित्रपट आहे काय? (देवरूख)

उत्तर : आहे. ह्यू व्हाइटमोर यांच्या १९७७ च्या 'स्टीव्ही' या नाटकावरून त्याच नावाचा चित्रपट १९७८ साली निघाला. स्टीव्हींची भूमिका ग्लेंडा जॅक्सन यांनी आणि मावशीची मोना वॉशबोर्न यांनी केली. बहुतेक सारा चित्रपट त्या बैठकीच्या खोलीतच घडतो. मावशीसाठी जरूर पाहावा.

प्रश्न : मी हर्णे येथे राहतो. या कवितेचा मराठी अनुवाद करून सोबत पाठवत आहे. शीर्षक 'निरोप नव्हे, गटांगळ्या' असे केले आहे. मत द्यावे.

उत्तर : अनुवाद दोन-तीन वेळा वाचला. दुसरे कडवे, किनाऱ्यावरच्या लोकांचे बोलणे, उत्तम उतरले आहे. 'बिचारा' हा शब्द तर नेमका बसला आहे, कारण बिचारा म्हणणारा माणूस हळहळतो आणि त्याच श्वासात हात झटकून मोकळाही होतो.

शीर्षकाशी मात्र माझे भांडण आहे. एक तर इंग्रजीत 'वेव्ह' या एकाच शब्दात लाटही आहे आणि हात हलवणेही. तो श्लेष मराठीत येणार नाही, त्याचा नाद सोडावा. पण 'निरोप' म्हटल्याने आपण अर्थ पुढच्या दारातून ढकलून दिला आहे. मूळ शब्दात भेटीचा हातही आहे आणि जाण्याचाही. गणपती आटोपून मुंबईला निघालेल्या चाकरमान्याचा एस.टी.च्या खिडकीतून हलणारा हात निरोपाचा असतो, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. या कवितेतली मंडळी तर हाताकडे फारसे लक्षच देत नाहीत. 'गटांगळ्या' या शब्दात पाण्याचा आवाज आणि धडपड आहे, आणि थोडे हसूही आहे. कवितेत ती धडपड दाखवलेलीच नाही. ती आधीच संपली आहे. 'हात हलवत नव्हतो, बुडत होतो' एवढे साधे ठेवले तरी चालेल. 'बुडणे' हे आपल्याकडे पैशाचेही असते, शाळेचेही आणि दिवसाचेही, त्यामुळे शब्द रोजचाच राहतो, आणि मेलेला माणूस रोजच्या भाषेतच बोलतो आहे.

आपण हर्णेचे, म्हणून एक सुचवतो. मृत माणूस सांगतो की लोकांना वाटले त्यापेक्षा तो किनाऱ्यापासून फार लांब होता. आपण तिथे 'खोल समुद्रात' असे लिहिले आहे. खोली हा इथे मुद्दा नाही, अंतर हा मुद्दा आहे. आपल्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असताना मी उभा होतो. होड्या लांब नांगरलेल्या, बैलगाड्या चाकांच्या आसापर्यंत पाण्यात. एक मुलगा पाण्यात पुढे चालला होता, तेव्हा टोपली घेतलेल्या एका आजीबाईंनी ओरडून सांगितले, "आत जाऊ नको रे!" किनाऱ्यावरचा माणूस समुद्राला 'आत' म्हणतो. त्या एका शब्दात किनाऱ्यापासूनचे अंतरही आले आणि माणसाच्या मनातले 'आत'ही आले, जे इंग्रजीलाही जमलेले नाही. 'मी फार आत गेलो होतो' असे करून पाहावे.

आणखी दोन किरकोळ गोष्टी. आपण शेवटच्या कडव्यात 'बुडत होते' असे स्त्रीलिंगी रूप वापरून ही कवयित्रीची आत्मकथा आहे असे सुचवले आहे. मूळ कवितेत मेलेला पुरुष आहे, तेव्हा 'होतो' हवे. मात्र आपला गोंधळ अगदीच निराधार नाही : स्टीव्ही स्मिथ आपल्या कवितांसोबत स्वतः काढलेली रेखाचित्रे छापत, आणि या कवितेजवळ त्यांनी जे चित्र छापले त्यात कमरेपर्यंत पाण्यात उभी असलेली, ओले केस चेहऱ्यावर आलेली एक मुलगी आहे. पुरुष त्या चित्रात कुठेच नाही. कवितेत 'होतो' आणि शेजारी ते चित्र, असे दोन्ही ठेवायचे असते. अनुवादात चित्राचे काम क्रियापदावर टाकू नये.

दुसरे म्हणजे त्याच कडव्यातील 'आयुष्यभर' हा शब्द आपल्याकडून सुटला आहे. तेवढा घालून आणि शीर्षक बदलून अनुवाद पुन्हा पाठवावा.